मापावरची शीग

तारीख: फसली १३४६, खुर्दादची बावीस. मिशनच्या कॅलेंडरात तो १९३७च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. तूट: अठ्ठावन्न पायल्या ज्वारी. त्या आठवड्यात रुपयाला सहा पायल्या असा भाव होता, म्हणून रक्कम नऊ रुपये दहा आणे आठ पै, निजामाचा हाली सिक्का. हजर चौघे: जालन्याहून आलेले पाळक, ख्रिस्ती मंडळीचे पंच, म्हणजे आमच्या वस्तीतले दुकानदार काका, माप घालणारी मावशी, आणि हिशेब लिहिणारा मी. जागा शाळेची खोली. रविवारी तिथंच उपासना होत असे.

त्या वेळी माझं वय तेहतीस होतं. कापसाच्या हंगामात मी जालन्याला जिनिंग कारखान्यात काट्यावर असायचो, गाड्यांचं वजन लिहायचो. हंगाम सरला की गावी परत. गाव अंबडच्या वाटेवर, जालन्याहून पाच कोस. लिहिता वाचता येणारा आणि बेरीज न चुकणारा म्हणून मंडळीनं वही माझ्याकडं दिली होती. लोक मला मुनशी म्हणत. त्यात थोडी थट्टा असायची, पण मला ते आवडायचं.

ज्वारी कसली, ते सांगतो. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून मंडळीची बळद होती. मातीची, भिंतीतच बांधलेली उभी कोठी. वरून दाणे ओतायचे, खाली बोळा मारलेलं भोक असतं त्यातून काढायचे. आत किती उरलंय ते बाहेरून दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी अठरा घरांनी मिळून त्या बळदीत दोनशे चाळीस पायल्या घातल्या होत्या. त्यातल्या चाळीस एकट्या काकांच्या, बारा माझ्या, बाकी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. एका घरानं एकच पायली घातली होती आणि तीही मी लिहिली आहे.

आमच्या वस्तीतल्या घरांची रब्बीची ज्वारी आषाढापर्यंत पुरत नसे. मग गावात दिढीनं धान्य मिळे, म्हणजे आषाढात एक पायली उचलली तर खळं झाल्यावर दीड द्यायची. आठ महिन्यांत निम्म्यानं वाढ. मी त्याचं वर्षाच्या व्याजाचं गणित एकदा मांडलं होतं आणि पाळकांना दाखवलं होतं. त्यांनी कागद खिशात ठेवला आणि पुढच्याच रविवारी त्यावर उपदेश केला. गरिबाला दिलेल्यावर वाढ घेऊ नका असं जुन्या करारात मोशेला सांगितलं आहे, ते आम्ही नुसतं ऐकायचं की पाळायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यातून बळद उभी राहिली. उचलली तेवढी परत द्यायची, वर काही नाही. सहा नियम केले. ते माझ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

मापाचं काम मावशीकडं दिलं. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण वस्तीतला प्रत्येक जण तिला मावशीच म्हणे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शाळेच्या आवारातल्या खोलीत ती राहायची, झाडलोट करायची. लिहिता वाचता येत नव्हतं. पण पाळकांचे उपदेश तिला महिनोन्‌महिने आठवत आणि मधेच कुठंही, विहिरीवर सुद्धा, ती ते ऐकवी. मापाबद्दल तिला महिन्याला सहा पायल्या मापाई मिळत असे. ती बळदीतून नव्हे, मंडळीच्या अर्पणातून.

तीन पावसाळ्यांत वाटप झालं ते असं. पहिल्या वर्षी एकशे चव्वेचाळीस पायल्या, दुसऱ्या वर्षी एकशे साठ, तिसऱ्या वर्षी एकशे शहात्तर. एकूण चारशे ऐंशी. आणि परत आल्या त्याही चारशे ऐंशी. एकानंही बुडवलं नाही, याचा मला अभिमान होता. किडीचे आणि खराब दाणे म्हणून मी वर्षाला तीन पायल्या, म्हणजे नऊ पायल्या घट धरली होती. वहीप्रमाणे बळदीत दोनशे एकतीस पायल्या असायला हव्या होत्या. त्या उन्हाळ्यात घुशीनं तळाशी उकरलं म्हणून बळद लिंपायला पहिल्यांदाच पूर्ण रिकामी केली. दाणे अंगणात वाकळांवर पसरून मोजले. एकशे त्र्याहत्तर निघाल्या. मी दुसऱ्यांदा मोजायला लावल्या. एकशे त्र्याहत्तरच.

पाळकांनी सौम्यपणे विचारलं, "मावशी, किल्ली दुसऱ्या कुणाकडं गेली होती का?"

"न्हाई."

"मग दाणे गेले कुठं?"

"कुठं जातेत? लोकांच्या घरी गेले. लोकांच्या पोटात गेले."

काका म्हणाले, "म्हातारे, वाटलेलं सगळं वापस आलंय. वहीत बराबर हाय. हे वरचे अठ्ठावन्न कुठं गेले, ते इचारून राह्यलो आपून. घूस म्हन, चोर म्हन, कायतरी म्हन."

"घूस तर तुमच्या दुकानात बी हाय काका. तिथं कदी तूट येत न्हाई."

मला हसू आलं ते मी वहीत तोंड घालून दाबलं. काकांना मात्र ते लागलं. ते वाईट माणूस नव्हते. दुकान लहान, गूळ, मीठ, तेल, काडेपेटी. त्यातून त्यांनी चाळीस पायल्या दिल्या होत्या आणि त्याबद्दल कधी फुशारकी मारली नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की ही ज्वारी अठरा घरांची आहे. ती अशी झिरपत गेली तर एखाद्या कोरड्या वर्षी बळद उघडून आत काहीच नसेल, आणि मग लोक पुन्हा दिढीवर जातील. ते खोटं नव्हतं.

ठराव झाला तो मीच लिहिला. तुटीचा उलगडा होईपर्यंत मावशीची मापाई थांबवावी. बळदीची किल्ली आणि माप काकांकडं राहावं. आणि तीन महिन्यांनी, शहरेवरात, म्हणजे जुलैत, प्रभुभोजन असेल त्याच्या आदल्या दिवसापर्यंत उलगडा झाला नाही, तर मावशीनं त्या दिवशी प्रभूच्या मेजाला बसू नये.

शेवटचं कलम पाळकांच्या तोंडून निघताना अडखळत होतं. मंडळीची शिस्त होती, त्यांनी ती केली नव्हती. ते वाचून दाखवल्यावर मावशी उठून उभी राहिली. "मापाई ठिवून घ्या. आनखी काय पायजे ते घ्या. पर प्याला न्हाई ठिवून घ्यायचा माजा." एवढंच बोलून ती बाहेर गेली.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही म्हणून लिहितो. आमच्यात प्रभुभोजनाला एकच प्याला सगळ्यांच्या हातून फिरतो. ज्या बाईला अर्ध्या आयुष्यात कुणी आपल्या पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, तिच्या हातात तो प्याला दर तीन महिन्यांनी यायचा. तिच्या आधी तो काकांच्या ओठाला लागलेला असायचा, तिच्यानंतर माझ्या बायकोच्या. आम्ही दुसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, आम्हाला त्याची सवय झाली होती. तिला झाली नव्हती.

मी सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. हातचे पुन्हा पाहिले. घुशींचाही हिशेब केला. एका घुशीला दिवसाला किती दाणे लागतील याचा अंदाज धरून अठ्ठावन्न पायल्यांना किती घुशी लागतील ते काढलं. बायकोनं कागद पाहून विचारलं, "अहो, एवढ्या घुशी असत्या तर त्यांनी आपल्याला घरात राहू दिलं असतं का?" तो कागद मी फाडला.

चोरी म्हणावी तर तिच्या खोलीत दोन मडकी, एक वाकळ, एक कंदील. अठ्ठावन्न पायल्या म्हणजे बारा पायल्यांच्या मणानं जवळजवळ पाच मण. म्हातारीनं ते डोक्यावरून कधी आणि कुठं नेलं? विकले असतील म्हणावं, तर विकणार कुठं? वस्तीत दुकान एकच, आणि ते काकांचं. दोन महिने मी असाच घालवला. एकदा मनात आलं की आपल्या खिशातून नऊ रुपये दहा आणे आठ पै भरून टाकावेत आणि विषय संपवावा. पण मग वहीत लिहिणार काय? तूट भरून निघाली, एवढंच. ती का पडली ते तसंच राहील, आणि लोक म्हणतील म्हातारीचं पाप मुनशीनं झाकलं.

पेरण्या झाल्या आणि वाटप सुरू झालं. या वर्षी माप काकांच्या हातात. मी नेहमीसारखा शाळेच्या खोलीत वही घेऊन बसलो. बळद मागच्या बाजूला, मध्ये भिंत. मापाचा पुकारा ऐकू येतो, पहिल्या मापाला 'लाभ', मग दोन, तीन. तीन वर्षं मी असाच बसत आलो होतो. तिथं सावली असते, आणि वहीवर धूळ उडत नाही.

वाटपानंतर चौथ्या दिवशी वस्तीच्या टोकाच्या घरातली सून माझ्या बायकोकडं आली. मी ओसरीवर होतो. मला ऐकू जाईल अशाच बेतानं ती बोलली असावी.

"वैनी, काकांचं माप लई लहान हाय का?"

"माप तेच आहे. मावशीचंच."

"मंग असं कसं? दरसाल आठ पायल्या आणते. माजा डेरा गळ्याबराबर भरतो. सासूच्या टायमापासून तोच डेरा हाय. औंदा चार बोटं खाली राह्यला. मी म्हनलं, रस्त्यात सांडलं का काय. मांगं जाऊन बगून आले, एक दाना न्हाई सांडला."

मी ओसरीवरून विचारलं, "काकांनी माप कसं भरलं? तू पाहिलंस का?"

ती पदर सावरत म्हणाली, "दुकानातली पट्टी आणली व्हती त्यांनी. भरलं की वरून पट्टी फिरवायचे. सपाट."

"आणि मावशी?"

तिनं माझ्या बायकोकडं पाहिलं. बायकोनं मान हलवली तेव्हा ती बोलली. "मावशी शीग लावायची. ढीग पार वरपर्यंत. दाने घरंगळाया लागले की मंगच वतायची."

"मग सभेत कुणी का नाही सांगितलं हे? वस्तीतल्या सगळ्यांनी धान्य उचललंय."

"सांगावं, अन् तुमी म्हनावं, शीग बी वापस आना?"

मी उठलो. काकांकडून माप आणलं. का हवंय ते सांगितलं नाही. घरची ज्वारी ओसरीवर ओतली आणि माझ्या हातानं जमेल तेवढी शीग लावून आठ मापं वाकळेवर घातली. मग तोच ढीग पट्टीनं सपाट करत पुन्हा मोजला. नऊ भरली आणि मूठभर उरलं. तीन वेळा केलं. दर वेळी आठाची नऊ. म्हणजे दर मापामागे आठवा हिस्सा वर. चारशे ऐंशीला आठानं भागलं की साठ.

साठ, आणि तूट अठ्ठावन्न. दोन पायल्या उलट जास्त निघत होत्या. कुणीतरी परत देताना शीग लावली असेल, किंवा माझा घटीचा अंदाज चुकला असेल. त्या दोन पायल्यांचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही.

मी मावशीकडं गेलो. ती खोलीबाहेर बसून शेण थापत होती.

"मावशी, तू देताना शीग लावायचीस?"

"मंग?"

"आणि परत घेताना?"

"सपाट."

"अगं, मग सभेत का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी इचारलं दाने कुठं गेले. मी सांगितलं, लोकांच्या पोटात. तुमाला पटलं न्हाई." मग हात थांबवून माझ्याकडं पाहत म्हणाली, "अन् तूच तं सांगितलं व्हतं. पैल्या दिवशी. वहीतून वाचून."

मी घरी आलो आणि वहीचं पहिलं पान काढलं. तीन वर्षांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं? नियम चौथा: 'देताना माप शिगेचे द्यावे, जसे देवाकडून आपणांस मिळते, घेताना हात आखडता ठेवावा.' अक्षर माझंच. पाळकांच्या उपदेशात त्या दिवशी शिगेच्या मापाबद्दल काहीतरी होतं, ते मला गोड वाटलं, म्हणून मी कलमात घातलं. कारखान्यात आम्ही सगळं वजनानं करतो. काट्यावर शीग नसते. मापावर ढीग केला की दाणे जास्त जातात, आणि दर साल जास्त जात राहिले की आतलं कमी होतं, हे ते वाक्य लिहिताना माझ्या डोक्यात आलंच नाही. मला ते वाक्य नियमांच्या कागदाला शोभेसारखं वाटलं. तिनं तो नियम म्हणून पाळला. सहाही नियम मी त्या दिवशी मोठ्यानं वाचले होते आणि ज्या एका माणसाला ते पाळायचे होते ते माणूस ऐकत होतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तेच चौघे पुन्हा त्याच खोलीत बसलो. मी आधी माप आणि वाकळ मागवून आठाची नऊ करून दाखवली. मग नियम चौथा वाचला. पाळकांचा चेहरा उतरला. "ते माझं वाक्य आहे," ते म्हणाले.

"मला वाटलं व्हतं ते भाषन हाय," काका म्हणाले. त्यांनी ते थट्टेनं म्हटलं नव्हतं. मग म्हणाले, "बरं. चोरी न्हाई, हे मान्य. पर मुनशी, दाने तं गेलेच ना? तू हिशेबाचा माणूस, मला हिशेब सांग. दरसाल वीस पायल्या जाऊन राह्यल्या. उरल्या एकशे त्र्याहत्तर. किती साल?"

"घट धरली तर सात वर्षं आणि थोडे महिने."

"मंग? सात सालांनी आपून काय वाटायचं? भजनं? मालकानं नोकराला रुपयांची थैली दिली अन् त्यानं ती जमिनीत पुरली, त्याला मालक रागावला का न्हाई? वाढवून वापस दे म्हनला. हे बी शास्त्रातच हाय ना, पाळकसाहेब?"

"आहे," पाळक म्हणाले. "पण त्याच शास्त्रात रानात पडणारा मान्ना, देवानं धाडलेलं अन्न, हेही आहे. ज्यानं जास्त गोळा केला त्याचं जास्त झालं नाही, ज्यानं कमी केला त्याला कमी पडलं नाही. आणि ज्यानं उद्यासाठी साठवला त्याच्या मडक्यात किडे पडले."

"मंग बळद कशाला बांधली? ती बी साठवणच हाय."

"तुमचं खरं आहे," पाळकांनी कबूल केलं. मला त्याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटला. माझी अडचण अशी की मला दोघांचंही पटत होतं. बळद रिकामी करणारी दया पुढच्या वर्षीच्या भुकेल्याच्या वाट्यातून दिलेली असते, हे काकांचं म्हणणं मला कुठंही खोडता येईना. आणि सपाट माप बरोबर असूनही त्यानं त्या सुनेचा डेरा चार बोटं रिकामा ठेवला, हेही मी पाहिलं होतं.

काकांनी मावशीला विचारलं, "शीग नसती लावली तर काय बिघडलं असतं? नियम बाजूला ठिव. तुझ्या मनातलं सांग."

ती म्हणाली, "लहानपनी मी मायसंगं खळ्यावर जायची. दिसभर उफणायचं. संध्याकाळी मालक माप घालायचा. मजुरी देताना वरून असा हात फिरवायचा, अन् बोटं आत दाबायचा. मापात खड्डा पडायचा. तेच माप, उसनं वापस घेताना डोंगरावानी भरून घ्यायचा. माय काय बोलत न्हाई व्हती. मी म्हनायची, देवा, माझ्या हातात एकदा माप दे." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमी दिलं. मी उलटं केलं, बस. आता तुमी म्हनाल सपाट घाल, तर माप दुसऱ्याच्या हातात द्या. माझ्यानं हात फिरवनं व्हत न्हाई."

बाहेर शाळेच्या कुडावर शेळी चढली होती, तिला काकांनी बसल्या जागेवरून हाकललं.

मला जे सांगायचं होतं ते मी कागदावर लिहून आणलं होतं, कारण बोलताना मी अडखळतो. मी म्हटलं, तूट हा शब्दच मी चुकीचा लिहिला आहे. हा खर्च आहे. आपण ठरवून केलेला, माझ्या अक्षरात लिहिलेला खर्च. फक्त त्याला वहीत खातं दिलं नाही. आपण म्हणतो देवाची कृपा फुकट असते. घेणाऱ्याला ती फुकट असते. देणाऱ्याच्या घरून ती जातेच, आणि ती किती गेली हे आपण शुभवर्तमानात दर वर्षी उत्तम शुक्रवारी, प्रभू वधस्तंभावर गेला त्या दिवशी, वाचतो. मग आपल्या बळदीची कृपा तेवढी कुणाच्याच घरून जाणार नाही, असं मी कसं धरून चाललो? मी देण्याचा नियम लिहिला आणि तो कुणाच्या दाण्यांतून पाळायचा ते लिहिलं नाही. तो राहिलेला अर्धा नियम तीन वर्षं या बाईच्या गळ्यात आला. चूक माझी आहे. अठ्ठावन्न पायल्या भरायच्या असतील तर मी भरतो.

काका म्हणाले, "तू भरू नको. तू भरलं की औंदा भागंल, फुडच्या सालाला पुन्हा तेच." मग त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल मागून घेतली, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, आणि वहीवर तिचं टोक टेकवून म्हणाले, "इथं एक खातं काढ. शीग म्हनून. खळं झालं की अठरा घरं आपल्या मर्जीनं त्यात घालतील. जेवढं जमलं तेवढ्याचीच शीग फुडच्या साली. न्हाई जमलं तर सपाट. मावशीला पटो न पटो."

मावशी म्हणाली, "जमंल."

"तुला काय ठाव?"

"तुमी घालनार ना काका? मंग जमंल."

काका हसले. "म्हातारे, तू मला दुकानासकट इकशील."

तसंच ठरलं. पुढची काही वर्षं ते चाललंही. शिगेच्या खात्यात कधी बावीस पायल्या जमल्या, कधी चौदा, आणि एका वाईट वर्षी फक्त पाच. ज्या वर्षी पाच जमल्या त्या वर्षी पहिल्या चाळीस पायल्या शिगेच्या गेल्या आणि नंतरच्या सपाट. त्या सपाट मापांना पट्टी काकांनी फिरवली. मावशी तेवढा वेळ खोलीत जाऊन बसली. ही व्यवस्था चांगली की वाईट ते मला सांगता येणार नाही. दिढीवर मात्र त्या वर्षांत आमच्या अठरा घरांतलं एकही गेलं नाही. तेवढं मी तपासून लिहितो आहे.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रभुभोजन झालं. मावशी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. प्याला काकांकडून तिच्याकडं गेला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला, तेव्हा माझ्या बायकोनं हळूच कोपर लावलं.

राहिली मापाई. तीन महिन्यांची, महिन्याला सहा, म्हणजे अठरा पायल्या. ती मंडळीच्या अर्पणाच्या कणगीतून द्यायची होती. सोमवारी सकाळी मी माप घेतलं, कारण कुणीही स्वतःचं माप स्वतः घालू नये असा नियम तिसरा आहे. पण प्रश्न आला की हे माप कसं घालायचं. मापाई ही मजुरी आहे, उसनवार नाही. शिगेचा नियम उसनवारीला आहे. अर्पणाच्या दाण्यांवर शीग लावण्याचा मला अधिकार नव्हता. आणि त्या बाईसमोर माझ्यानं पट्टी फिरवली जाईना.

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "सव्वादोन पायल्या ज्वारी काढ."

"सव्वादोन कसल्या?"

"अठराचा आठवा हिस्सा."

"अहो, अडीच न्या. हिशेबाला सोपं."

"हिशेबाला सव्वादोनच आहेत."

तिनं मोजून दिल्या. मी परत जाऊन दोन्हीकडचे दाणे एकत्र केले आणि माप भरायला बसलो. शीग लावायला हात लागतो, तो मला नाही. दर मापाला दाणे घरंगळून वाकळेवर जात. मावशी उंबऱ्यावर बसून बघत होती.

"मुनशी, सांडून राह्यला की. हाताचा आडोसा कर. हां, असा. जल्दी नको करू, दान्याला बसू दे."

"लाभ," मी म्हटलं.

"मोठ्यानं म्हन. तिकडं भिंतीपलीकडं लिहिनारा असला तर त्याला ऐकू गेलं पायजे."

भिंतीपलीकडं कुणी नव्हतं. तरी मी मोठ्यानं म्हटलं. अठरावं माप तिच्या मडक्यात गेलं तेव्हा दोन्ही मडकी भरली होती आणि थोडे दाणे वाकळेत राहिले होते, ते तिनं पदरात घेतले. वही मी तिथंच उघडली आणि लिहिलं. दिले: मापाई अठरा पायल्या, शिगेच्या, सपाट मापानं सव्वावीस. पैकी मंडळीच्या अर्पणातून अठरा, हिशेब लिहिणाऱ्याच्या घरून सव्वादोन. घेणार: माप घालणारी मावशी. तिचा अंगठा.